लाउरेआला इंग्रजीत काय म्हणायचं?

माझ्या इटलीतल्या पदवीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘दोत्तोरे माजिस्त्राले’ छापलंय. पुण्यातल्या एका कार्यालयात द्यायला मी त्याचं इंग्रजी करून घेतलं, तर भाषांतर करणाऱ्यांनी सरळ ‘डॉक्टर’ लिहून दिलं. खिडकीतल्या बाईंनी पीएचडीचा प्रबंध मागितला. माझी पदवी तर दोन वर्षांची, आपल्या एमएस्सीच्या पातळीची. पुन्हा भाषांतर, ते बरोबर असल्याची कोर्टात पुन्हा शपथ, पुन्हा १६ युरोंचे स्टॅम्प. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, कारण हा त्रास पूर्ण टाळता येतो.

लाउरेआ म्हणजे इटलीतली विद्यापीठाची पदवी. तिथे तीन वर्षांची साधी लाउरेआ झाली की माणूस कायद्याने ‘दोत्तोरे’ होतो. मुलगी असेल तर ‘दोत्तोरेस्सा’. बँकेत कुणी तशी हाक मारली तर आनंदाने ओ द्या, पण इंग्रजी कागदावर तो शब्द येऊ देऊ नका. पीएचडी ती ‘दोत्तोरातो दि रिचेर्का’.

त्याहून फसवा शब्द ‘मास्टर’. इथलं ‘मास्टर उनिव्हेर्सितारियो’ हा पदवीनंतरचा, किमान ६० क्रेडिटचा वेगळा कोर्स आहे. आपण ज्याला मास्टर्स म्हणतो ती ‘लाउरेआ माजिस्त्राले’ : दोन वर्षं, १२० क्रेडिट. त्याआधीची तीन वर्षांची लाउरेआ १८० क्रेडिटची, म्हणजे बॅचलरची पातळी. प्रवेश घेतानाच आपण यातलं काय घेतोय ते नीट बघा. नावात मास्टर दिसलं म्हणून पैसे भरून मोकळी झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटतं.

मेडिकलचं सहा वर्षांचं शिक्षण सलग असतं, ३६० क्रेडिटचं. त्यात मध्ये बॅचलर मिळत नाही. फॉर्ममध्ये तो रकाना असला तरी पदवी एकच लिहा. आणि तुमच्या प्राध्यापकांच्या माहितीत नुसतं ‘लाउरेआ’ असेल तर तिला बॅचलर समजू नका. १९९९ च्या सुधारणेआधीची चार-पाच वर्षांची जुनी लाउरेआ आजच्या माजिस्त्रालेच्या तोडीची धरतात.

मग इंग्रजी कागदावर लिहायचं काय? पदवीचं नाव इटालियनच ठेवा. पुढे पातळी, वर्षं आणि क्रेडिट इंग्रजीत द्या. विद्यापीठाकडून ‘डिप्लोमा सप्लिमेंट’, म्हणजे पदवीची माहिती देणारं जोडपत्र, मागून घ्या. ते इटालियन आणि इंग्रजी दोन्हींत असतं, फुकट मिळतं. त्यातल्या २.१ क्रमांकाच्या रकान्यात पदवीचं नाव मूळ भाषेतच असतं, आणि आठव्या भागात इटलीची सगळी शिक्षणपद्धती समजावलेली असते. भाषांतर करणाऱ्यांच्या हातात पदवीच्या कागदासोबत हेही ठेवा.

गुणांचे टक्के काढू नका. परीक्षा ३० पैकी असते, पास १८ ला, आणि पदवीचा शेवटचा आकडा ११० पैकी. माझ्या सीव्हीत आता एवढीच ओळ आहे : लाउरेआ माजिस्त्राले, मास्टर्स पातळी, दोन वर्षं, १२० क्रेडिट, १०४/११०. त्यानंतर कुणी प्रबंध मागितलेला नाही.