कोंबडा माउंट करायचा असेल तर: पहिला तास, फ्रीझर आणि कारागिराची पारख

खुराड्यात असील कोंबडा मरून पडलेला दिसला आणि तो माउंट करून (आपण पेंढा भरणं म्हणतो तसा, जिवंतासारखा उभा करून) ठेवायचं मनात असेल, तर सकाळचा चहा नंतर घ्या, आधी कोंबडा गार करा. कारागीर कितीही हातखंडा असला तरी सडून सुटलेलं कातडं त्याला परत घट्ट करता येत नाही. एप्रिल-मेच्या कोल्हापुरी उन्हात दोन-तीन तास पत्र्याखाली पडलेल्या पक्ष्याचं पोट हिरवट दिसायला लागतं. तिथली पिसं चिमटीत धरून हलकेच ओढली की कातड्याच्या पातळ सालीसकट हातात येतात. इतकं झालं असेल तर माउंटचा नाद सोडा. चार-सहा चांगली पिसं काढून ठेवा आणि बाकीचा पुरून टाका.

त्याआधी कायद्याचं बघू, कारण माणसं तिथेच अडकतात. कोल्हापूरजवळचं दाजीपूरचं जंगल संस्थानी काळात शिकारीचं राखीव रान होतं, पण १९५८ पासून ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यामुळे रानातून तित्तिर किंवा रानकोंबडा मारून आणायचा आणि पेंढा भरून घ्यायचा, हा मार्ग बंद आहे. मेलेला सापडला तरी रानपक्षी सरकारी मालमत्ता ठरतो. तो उचलून फ्रीझरमध्ये ठेवणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो, म्हणून हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. मोर अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक यादीत, आहे आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. पिंजऱ्यात वाढवलेला साधा हिरवा पोपटही वन्य पक्षीच, घरात तो वीस वर्षं बोलत असला तरी.

उरतात ते पाळीव पक्षी: देशी कोंबडा, असील, कडकनाथ, टर्की, गिनी फाउल, बदक, लक्का कबुतर, बजरीगार. मकाव किंवा आफ्रिकन ग्रेसारखा परदेशी पोपट असेल तर आधी त्याच्या नोंदणीचे कागद काढा आणि मृत्यू कळवा, कारागिराकडे जायचं ते त्यानंतर.

सगळे पक्षी माउंटला सारखे नसतात. असील सगळ्यात बरा, कारण कातडं जाड, चरबी कमी आणि पिसं अंगालगत. ब्रॉयलरच्या वाटेला जाऊ नका. कातडं नाजूक, चरबी भरपूर आणि पिसं अर्धवट वाढलेली असतात. बदकाच्या कातड्याखाली चरबीचा थर असतो. तो नीट खरवडला नाही तर वर्षा-दोन वर्षांत छातीवर पिवळं तेल उतरतं आणि पिसं चिकट होतात. कबुतराची पिसं कातड्यात इतकी सैल बसलेली असतात की नुसत्या धरण्यानं झडतात, म्हणून कबुतर पायाला धरूनच उचलायचं. झड चालू असलेला पक्षीही नको. मानेवरची पिसं उलट्या दिशेनं फुंकून बघा. खाली निळसर देठांचे कोंब दिसले तर नवी पिसं अजून रक्तावर आहेत. अशा पक्ष्याचं माउंट पूर्ण झाल्यावरही खुरटलेलं दिसतं. कोंबड्यांची झड बहुधा पावसाळ्याच्या शेवटाला येते.

पक्षी कशानं मेला हेही विचारात घ्या. एकाच दिवशी तीन-चार कोंबड्या गेल्या असतील, माना वाकड्या झाल्या असतील किंवा तुरा निळा-काळा पडला असेल, तर राणीखेत किंवा बर्ड फ्लूचा संशय धरायचा. राज्यात बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला होता. असा पक्षी माउंट करायचा नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवीसुद्धा हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा, पोपट-कबुतराच्या बाबतीत तर नक्कीच. म्हातारा किंवा जखमी पक्षी तसाही जाणारच असेल तर तो पशुवैद्याकडून शांतपणे संपवून घ्यावा. सुरी लावलेल्या कोंबड्याच्या मानेचं कातडं कापलं जातं आणि गळ्याची सगळी पिसं रक्तात भिजतात. गरम पाण्यात बुडवलेला कोंबडा तर माउंटच्या कामाचाच राहत नाही.

आता पहिला तास. कोंबडा सावलीत, फरशीवर किंवा जाळीवर आडवा ठेवा आणि पंखा लावा. ढीग, गोणपाट, बंद प्लॅस्टिक पिशवी यांतलं काही नको, कारण अंगातली ऊब आत कोंडली की आतडी आधी सडतात आणि सड पोटाच्या कातड्यातून बाहेर येते. पोट फाडायचं नाही. घरातलं कुणीतरी "आतडी काढून टाकूया, टिकेल" असं हमखास म्हणतं. पण त्या चिरेनं पोटाची पिसं घाण होतात आणि कारागिराला चीर जिथे हवी तिथे देता येत नाही. धुवायचं नाही, मीठ चोळायचं नाही, पीस उपटायचं नाही.

चोच उघडून घशात कापसाचा बोळा सरकवा, नाकपुड्यांत छोटे बोळे आणि गुदद्वारात एक घट्ट बोळा. घशातून गळणारा पाझर मानेच्या पिसांना लागला तर डाग काढणं अवघड होतं. कुठे रक्त लागलंच असेल तर गार पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं टिपायचं, पिसाच्या मुळाकडून टोकाकडे. कोमट पाणी कधीच नाही, त्यानं रक्त शिजून बसतं. मग त्या जागी मक्याचं पीठ भुरभुरा, दहा मिनिटांनी मऊ ब्रशनं झाडा आणि पीठ स्वच्छ येईपर्यंत हेच करा. टाकणखारही चालतो, पण तो पिसांत राहिला तर काळ्या पक्ष्यावर राखेसारखा दिसतो, म्हणून कडकनाथाला मक्याचं पीठच बरं.

नोंदी लगेच घ्या, फ्रीझरनंतर त्या मिळत नाहीत. डोळ्याचा रंग तासाभरात फिका पडतो. दिवसाच्या उजेडात मोबाइलनं डोळ्याचा जवळून फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. दिसणाऱ्या बुबुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, कारण काचेचे डोळे मिलिमीटरच्या मापानंच मागवतात. तुरा, चोचीखालचे गलोल, पायाचे खवले आणि काटा यांचेही वेगवेगळे फोटो हवेत. छातीचा घेर पंखांखालून दोरा फिरवून मोजा. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वजन लिहा. पक्षी जिवंत असतानाचे फोटो, उभा असताना बाजूने आणि समोरून काढलेले, असतील तर ते शंभर मापांपेक्षा कामाचे. असील छाती किती वर काढून उभा राहतो हे मेलेल्या पक्ष्यावरून कुणालाच कळत नाही.

कोंबड्यात खरी अडचण तुऱ्याची. तुरा आणि गलोल म्हणजे रक्तानं भरलेलं मांस. कातड्यासारखं ते नुसतं वाळवलं की आकसून काळं, सुकलेल्या मिरचीसारखं होतं. चांगला कारागीर एकतर ताज्या तुऱ्याचा साचा घेऊन तो कृत्रिम करतो, किंवा डोकं फ्रीझ-ड्रायरमध्ये (गोठवूनच ओल काढणाऱ्या यंत्रात) सुकवून वरून रंगवतो. टर्कीच्या डोक्यालाही हेच लागू. तेव्हा कारागिराला पहिला प्रश्न हाच: "तुऱ्याचं काय करता?" "वाळला की लाल रंग देतो" एवढंच उत्तर आलं तर दुसरा बघा. तुमच्याकडून एवढंच करायचं, की फ्रीझरमध्ये तुरा दुमडणार नाही याची काळजी घ्या. गोठताना पडलेली घडी वितळल्यावरही राहते.

बांधणी अशी. पंख अंगाला मिटवा, मान पाठीवरून वळवून डोकं एका पंखाखाली अलगद ठेवा, तुरा वरच्या बाजूला. सगळी पिसं खाली बसवा. जुना नायलॉनचा स्टॉकिंग मोजा असेल तर पक्षी डोक्याकडून त्यात सरकवा. उलट सरकवला तर सगळी पिसं उलटी होतात. असीलाला मोठा मोजा लागतो. मिळाला नाही तर जाडसर पुठ्ठ्याची नळी करा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून सैल बांधा, कारण वाकलेलं शेपटीचं पीस वाफेवर थोडं सरळ होतं, तुटलेलं होत नाही. पाय ओल्या कापसात गुंडाळून त्यावर प्लॅस्टिक लावा. फ्रीझरमध्ये सगळ्यात आधी पाय आणि डोकं सुकतात, आणि सुकलेली बोटं नंतर वाकवताना कडकन मोडतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल शोषतो आणि पांढऱ्या पिसांवर शाई उतरते. मग दोन जाड पिशव्या, आतली हवा काढून. बाहेर चिठ्ठी: तारीख, जात, नर की मादी, वजन, डोळ्याचा रंग.

घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सहा महिने बिनघोर राहतो. त्यापुढे डोकं सुकायला लागतं. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात जागाही पुरत नाही आणि तो वारंवार उघडला जातो. वीज गेल्याची शंका असेल तर फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळून परत गोठला आहे. असा पक्षी परत ठेवून देऊ नका, दोन दिवसांत कारागिराकडे पोचवा. एकदा वितळून गोठलेल्या पक्ष्याची पिसं तिसऱ्या वेळेला सुटतातच.

कारागीर कसा शोधायचा? पाळीव कोंबडा माउंट करणारी माणसं मोजकीच आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत चौकशी करावी. आपल्याला कोल्हापुरातून जवळचं सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, नाहीतर मुंबईचं परळ. तिथे स्वतः करत नसले तरी करणारा माहीत असतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं पेंढा भरण्याचं केंद्र वन्यप्राण्यांसाठीचं आहे, घरच्या कोंबड्यासाठी तिकडे जाऊन उपयोग नाही. वन्यप्राण्यांचं काम करणाऱ्याला कायद्याच्या कलम ४४ खालचा परवाना लागतो. फक्त पाळीव पक्षी करणाऱ्याला तो लागत नाही. पण ज्याच्या फडताळावर घुबड किंवा मोर दिसतो आणि परवान्याची गोष्ट काढली की जो विषय बदलतो, त्याच्याकडे पक्षी ठेवू नका. उद्या छापा पडला तर तुमचा असीलही पंचनाम्यात जाईल.

काम बघायची नजर आधी तयार करायची तर कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये, जिथे पेंढा भरलेले प्राणी आहेत, तासभर घालवा. डोळ्याभोवतीची कड, ओठ, कानांच्या पाळ्या, शिवण कुठे लपवली आहे, हे जवळून बघा. (घरच्या वाड्यात जुनी शिकारीची मुंडकी टांगलेली असतील तर ती उघड्या हातानं झटकू नका. जुन्या काळी कातड्याला आर्सेनिकचा साबण लावायची पद्धत होती, ते विष अजून तिथेच असू शकतं.)

मग कारागिराचे पक्षी बघायचे. नवे नको, किमान दोन पावसाळे काढलेले दाखवा म्हणावं. कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर हीच खरी परीक्षा. कातडं मिठात मुरवलं असेल तर दमट हवेत ते पाणी ओढतं आणि पायांच्या मुळाशी पांढरी बुरशी दिसते. पक्षी मागून आणि वरून बघा, समोरून सगळेच बरे दिसतात. पंखाची कड छातीच्या बाजूच्या पिसांखाली गेलेली असावी, वर चिकटवल्यासारखी नसावी. पापणी गोल, डोळ्याला लागून, मध्ये मातीची फट नाही. पायांवरून एक उभी रेघ मनात ओढा. अंगाचा तोल त्या रेघेवर येत नसेल तर पक्षी तारेवर टांगलेला दिसतो. नाक जवळ नेऊन वास घ्या. खवट तेलाचा वास म्हणजे चरबी राहिली आहे, किंवा शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची गाठ काढलेली नाही.

बोलताना आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. आतलं अंग कशाचं करता? आपण "पेंढा भरणं" म्हणतो, पण भरून भरून फुगवलेला पक्षी पिंपासारखा होतो. तासलेल्या लाकडाच्या बारीक छिलक्यांचं किंवा फोमचं, मापानं केलेलं अंग हवं. पायात तार किती जाडीची? असीलाला १० ते १२ नंबरची, जस्ताचा मुलामा दिलेली तार लागते, त्याहून बारीक असेल तर चार किलोच्या कोंबड्याच्या ऐटीत उभं राहणं विसरा. कातडं धुऊन चरबी काढल्यावर ते कशानं वाळवता? ब्लोअरनं पिसाची लव फुलेपर्यंत, हे उत्तर बरोबर. आठ दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नुसतं वाळायलाच दोन ते चार आठवडे जातात आणि रांगेतले पक्षी वेगळे. पावसाळ्यात आणखी वेळ लागतो.

पोझ आधीच ठरवा आणि कागदावर लिहून द्या. आरवणारा कोंबडा देखणा, पण उघड्या चोचीत जीभ आणि टाळू करावी लागते, त्यामुळे काम आणि पैसे दोन्ही वाढतात. पंख पसरलेला पक्षी दिवाणखान्यात तिप्पट जागा खातो. बैठकीला कौल, शेणाचा रंग दिलेली फळी, उसाचं खोडकं काहीही चालतं. मात्र लाकूड किंवा खोडकं आधी फ्रीझरमध्ये पंधरा दिवस ठेवून घ्या, त्यातले किडे पक्ष्यात शिरतात.

नेताना थर्माकोलची पेटी, गोठवलेले जेल पॅक खाली-वर. सुटा बर्फ नको, पाणी आत शिरतं. कोल्हापूरहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, रात्री निघालात तर पक्षी कडकच पोचतो. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. कुरिअरनं पाठवू नका.

घ्यायला जाल तेव्हा बाकीचे पैसे देण्याआधी बोटं हलकेच दाबून बघा. मऊ लागली तर अजून वाळलेली नाहीत, तो पक्षी तिथेच ठेवून या. टाचण्या सगळ्या निघाल्या आहेत का, तेही बघा. विसरलेली टाचणी पुढच्या पावसाळ्यात गंजून पिसावर तपकिरी डाग देते.