अजिंठ्याचा पाहुणा एक रात्र खानदेशात कसा थांबवायचा: मळ्यातल्या दोन खोल्यांची पूर्वतयारी

अजिंठा लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण रेल्वेने येणारा पाहुणा बहुतेकदा उतरतो जळगावला, नाहीतर भुसावळला. जळगावहून लेणी साधारण 60 किलोमीटर. सकाळी गाडी ठरवायची, नेरी-पहूर-वाकोद करत फर्दापूर गाठायचं, संध्याकाळी परतायचं आणि रात्रीची रेल्वे पकडायची, असा त्याचा ठरलेला दिवस. खानदेशाच्या वाट्याला चहा, एक शेवभाजी आणि गाडीभाडं येतं. हाच माणूस एक रात्र मळ्यात राहिला तर खोलीभाडं, दोन वेळचं जेवण, केळीचे वेफर्स, बिबड्या (ज्वारीचे पापड), सगळ्याचा पैसा गावातच फिरतो. त्यासाठी सरकारची धोरणं आहेत आणि हातात मोबाइलही आहे. घोळ होतो तो क्रमात. आधी खोल्या बांधल्या जातात, मग कर्जाची चौकशी होते आणि शेवटी कागद जमवले जातात. क्रम उलटा हवा.

आधी नोंदणी

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे. किमान 1 एकर शेती आणि जास्तीत जास्त 8 खोल्या ही त्याची चौकट. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, शुल्क 2,500 रुपये. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते अर्जाआधी तपासा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि अर्ज नातवाचा, असं असेल तर आधी वारसनोंद किंवा सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. अर्ज रखडतात ते बहुतेक इथेच. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायांसाठीची केंद्राची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कर्ज बाईच्या नावावर का घ्यावं

2023 च्या ‘आई’ या महिला केंद्रित पर्यटन धोरणात महिलेच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज शासन परत देतं. व्याजदर 12 टक्क्यांपर्यंत धरला जातो. परतावा कर्ज फिटेपर्यंत किंवा 7 वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये, यातलं जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत मिळतो. म्हणजे 6 लाख रुपये 10 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 12,750 रुपये पडतो आणि पहिल्या वर्षीचं व्याज 55 हजारांच्या आसपास होतं. ते परत येतं.

पण इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. हा परतावा आहे, माफी नाही. हप्ता आधी वेळेवर भरायचा, मग पैसे खात्यात येतात. केळीचा भाव पडला म्हणून हप्ता थकला की लाभ अडतो, म्हणून निदान चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवूनच कर्ज उचला. दुसरं म्हणजे व्यवसाय खरोखर तिच्या मालकीचा आणि तिने चालवलेला असावा लागतो. जमीन नवऱ्याची किंवा सासऱ्यांची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या. बँकेत जाण्याआधी संचालनालयाकडून पात्रतेचं पत्र मिळवा. कर्ज उचलून झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

दोन खोल्यांपुरती रक्कम लागत असेल तर मुद्रा कर्जाचाही विचार करा. त्यात ‘शिशु’ प्रकारात 50 हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये 5 लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये 10 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झालेली आहे. बँकेत तेवढं आवर्जून सांगा.

विजेचं मीटर

शेतीपंपाच्या कनेक्शनवरून खोलीला वायर ओढणं ही फार महागात पडणारी चूक. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याव्यतिरिक्त वापर केला की वीज कायद्याच्या कलम 126 खाली आकारणी होते, तीही दुप्पट दराने. खोल्यांना वेगळं मीटर घ्या. भार मोजताना दीड टनाचे दोन एसी मिळून सुमारे 3 किलोवॉट, गिझर 2 किलोवॉट आणि इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगला 3 किलोवॉट धरा. एकूण 8 किलोवॉट होतात, म्हणून थ्री फेजच मागा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा एसीशिवाय शहरी पाहुणा टिकत नाही. गाडीसाठी 16 अँपिअरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग पुरतं. 30 युनिटची बॅटरी रिकामी आली तर पूर्ण भरायला साधारण 10 तास लागतात, म्हणजे मुक्कामाचीच वेळ. चार्जिंगचं बिल सबमीटरवरून वेगळं लावा, नाहीतर खोलीभाड्याचा नफा गाडीच्या बॅटरीत जाईल. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. वीज गेली की नेट जातं आणि नेट गेलं की क्यूआर कोडवरचे पैसेही अडकतात.

नकाशावरची खूण

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. पत्ता टाइप केला की गूगल मॅप्स खूण बहुधा गावाच्या मधोमध टाकतं. मळा असतो शिवारात, दोन-तीन किलोमीटरवर. पाहुणा रात्री आठ वाजता ग्रामपंचायतीसमोर उभा राहून फोन लावत बसतो.

मळ्याच्या फाटकात, झाडाखाली नाही तर मोकळ्या आभाळाखाली उभे राहा. नकाशावरचं निळं वर्तुळ आकसून ठिपक्याएवढं होईपर्यंत थांबा, मग बोट दाबून धरून खूण टाका. अक्षांश-रेखांशाचे दशांशानंतर पाच आकडे घ्या. पाचवा आकडा म्हणजे सुमारे एक मीटर. त्यानंतर गूगलवर मळ्याच्या नावाने बिझनेस प्रोफाइल उघडा. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला तर तो न कापता, सलग काढा. रस्त्यावरचा फलक, आजूबाजूची ओळखू येणारी खूण आणि शेवटी तुम्ही स्वतः खोलीचं कुलूप उघडताना, एवढं त्यात दिसलं पाहिजे. फलकावर जे नाव तेच प्रोफाइलला. नावापुढे ‘अजिंठ्याजवळचं उत्तम होमस्टे’ असलं काही चिकटवलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

आता रस्ता. नकाशा जवळची वाट शोधतो आणि जवळची वाट कित्येकदा पाणंद असते. काळ्या मातीत एक पाऊस पडला की तिथे बैलगाडी रुतते, मग मोटारीचं काय होणार! म्हणून पाहुण्याला नुसती खूण पाठवू नका. डांबरी रस्त्यावरचा फाटा मध्ये थांबा म्हणून घालून, पूर्ण मार्गाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवा. फाट्यावर रात्री चमकणाऱ्या अक्षरांचा फलक लावा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

नंदुरबारच्या तोरणमाळ किंवा अक्राणी भागातल्या लोकांना हे सगळं करूनही एक जास्तीचं काम उरतं. सातपुड्याच्या घाटात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून पाहुण्याने शहाद्यातच ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, हे बुकिंगच्या दिवशीच कळवा.

2,000 रुपयांतले हातात किती

बुकिंग अॅपवर खोली 2,000 रुपयांना लावली आणि कमिशन 15 टक्के धरलं तर 300 रुपये गेले. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 54 रुपये. हातात 1,646. तुमची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. अशा वेळी खोलीभाड्यावरचा 5 टक्के कर अॅपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. पॅन मात्र नोंदवाच. अॅपवरची वैयक्तिक विक्री वर्षाला 5 लाखांच्या आत असेल तर पॅन दिल्यावर टीडीएस कापला जात नाही. पॅन नसेल तर 5 टक्के कापला जातो.

अॅप नवीन पाहुण्यासाठी ठेवा, जुन्या पाहुण्याने थेट फोन करावा असं वागा. थेट बुकिंगला यूपीआयने अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि रद्द केल्यास किती परत मिळेल ते त्याच मेसेजमध्ये लिहा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कधीच पुरावा धरू नका; बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज, तेवढंच खरं.

विमानाच्या भरवशावर हिशेब मांडू नका. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या उडान योजनेत विमान कंपनीला तोटा भरून देणारा निधी एका मार्गासाठी 3 वर्षंच मिळतो. जळगावची सेवा सुरू होऊन, बंद पडून, पुन्हा सुरू झालेली आहे. रेल्वे मात्र रोज आहे. पुढे मनमाड-इंदूर मार्ग होईल तेव्हा धुळे-शिरपूरकडच्या मळ्यांचंही गणित बदलेल. 309 किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली आहे.

पाहुण्याला काय द्यायचं

पनीर बटर मसाला त्याला घरीही मिळतो. त्याला भरीत द्या. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह तुमच्या पाकिटावर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. नुसतं जळगाव जिल्ह्यात पिकवून भागत नाही. चार जणांना एक किलो वांगी धरा. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजा. गॅसवर भाजलं की धुराचा वास येत नाही आणि चव तिथेच निम्मी जाते. भाजून झाल्यावर वांगी दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. मग बडगीत (वांगी ठेचायच्या लाकडी भांड्यात) हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुऱ्या. काड्या पेटवण्यापासून पाहुण्याला हात लावू द्या आणि याचा दर जेवणापेक्षा वेगळा लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा याचा खरा मोसम.

डिसेंबरमध्ये सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आणि मार्चच्या सुमारास नंदुरबारमधल्या काठी गावची आदिवासींची होळी, या दोन वेळी खोल्यांची मागणी वाढते. होळीला पाहुणे नेत असाल तर पाड्यावर फोटो विचारूनच काढायचे, हे गाडीत बसण्याआधी सांगा. ती त्या लोकांची पूजा आहे. ड्रोन नेऊच नका. अभयारण्यात आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

ओळखपत्राची प्रत प्रत्येक मोठ्या माणसाकडून घ्या, आधार असेल तर आकडे झाकलेली. विदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनच्या पोर्टलवर 24 तासांच्या आत भरावी लागते. आणि बुकिंग पक्कं करण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतो. रविवारी रात्री मुक्कामाला येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाटणादेवी किंवा चांगदेव-मुक्ताईनगरचा बेत आधीच सुचवा. इतर दिवशी त्याला सकाळी सातलाच नाश्ता द्या, कारण खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावून पुढचे चार किलोमीटर एसटीच्याच बसने जावं लागतं आणि ऊन चढल्यावर तिथे रांग वाढते.