बायसच्या प्रयोगाआधीची तयारी

सांगलीच्या आमच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत पर्मलॉयच्या (निकेल-लोह मिश्रधातूच्या) पातळ पट्टीवर चुंबकरोधी रीड हेडमधील (चुंबकक्षेत्राने बदलणाऱ्या रोधावरून हार्ड डिस्कवरील नोंदी वाचणाऱ्या भागातील) बायस, म्हणजे पट्टीचे चुंबकन आधीच वळवून ठेवणारे स्थिर क्षेत्र, अभ्यासायचा असेल, तर उपकरणांना हात लावण्याआधी रोध आणि चुंबकक्षेत्र यांचा आलेख प्रत्येकाने स्वतः काढावा. पट्टीचा रोध चुंबकन आणि विद्युतप्रवाह यांच्यातील कोनाच्या कोसाइनच्या वर्गानुसार बदलतो. त्यामुळे शून्य क्षेत्राजवळ आलेख सपाट राहतो आणि क्षेत्र उजवीकडचे की डावीकडचे हे पट्टीला ओळखताच येत नाही. चुंबकन सुमारे 45 अंशांवर नेणारा आडवा बायस लागतो तो याचसाठी.

टेबल लाकडी असावे, मोबाइल खोलीबाहेर ठेवावेत. हेल्महोल्ट्झ कॉइलचा (मध्यभागी एकसारखे क्षेत्र देणाऱ्या समोरासमोरच्या दोन कॉइलच्या जोडीचा) अक्ष होकायंत्राने पूर्व-पश्चिम लावावा आणि पट्टी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे पृथ्वीचे सुमारे 0.4 गॉसचे क्षितिजसमांतर क्षेत्र मापनात न मिसळता पट्टीच्या लांबीच्या दिशेने राहते आणि थोडी मदतच करते. प्रत्येकी 100 वेढ्यांच्या, 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या जोडीतून 1 अँपिअर प्रवाह सोडला की मध्यभागी सुमारे 9 गॉस क्षेत्र मिळते.

जोडणी चार टोकांची (दोन प्रवाहासाठी, दोन व्होल्टेज मोजण्यासाठी) करावी आणि पावसाळ्यात क्लिपा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. खरी काळजी तापमानाची घ्यायला हवी. चुंबकरोधाचा एकूण बदल जेमतेम 2 टक्के असतो, तर दर अंश सेल्सिअसला रोध सुमारे 0.3 टक्के वाढतो, म्हणजे पट्टी सात अंशांनी तापली तरी तेवढाच बदल दिसतो. म्हणून प्रवाह कमी ठेवावा, पंखा बंद करावा आणि वाचन स्थिर होईपर्यंत थांबावे. पट्टीला प्रवाह बॅटरीवरून द्यावा.

लहान कॉइलला 35 हर्ट्झचा क्षीण संकेत द्यावा. बायस नसताना क्षेत्राच्या दोन्ही दिशांना रोध सारखाच बदलतो, म्हणून ऑसिलोस्कोपवर 70 हर्ट्झ दिसतात. आडवा बायस वाढवत नेला की 35 हर्ट्झचा संकेत वर येतो आणि 70 हर्ट्झचा अंश मागे पडतो. हा बदल प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः पाहावा असा माझा आग्रह आहे, कारण बायस का लागतो हे समीकरणापेक्षा तिथे अधिक स्पष्ट कळते.

आलेखात बारीक उड्या दिसल्या तर तो बार्कहाउझेन गोंगाट, म्हणजे पट्टीत एकाहून अधिक डोमेन (वेगवेगळ्या दिशांना चुंबकन असलेले भाग) असल्याची खूण समजावी. रीड हेडमध्ये त्यावर उपाय म्हणून दोन्ही टोकांना कोबाल्टच्या मिश्रधातूचे कायमचुंबक बसवत. आपण दोन लहान पट्टीचुंबक एकाचे उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकासमोर येईल असे ठेवावेत. ते फार जवळ आणल्यास चुंबकन जखडून संकेतही मरतो, म्हणून उड्या थांबतील इतकेच जवळ आणून ते अंतर वहीत नोंदवावे.