सनावळ्यांचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी

बी.एफ.ए.च्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक छापील चित्र माझ्यापुढे सरकवलं. नदीकाठचं गवत, छत्र्या घेतलेल्या बायका, उजवीकडे दोरीला बांधलेलं एक छोटं माकड. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराचं ‘ला ग्रांद जात’. बघताक्षणी ओळखलं. “पॅरिसमध्ये १८८६ साली हे कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं?” मी ठामपणे म्हणाले, “पोस्ट-इम्प्रेशनिस्टांच्या.” त्यांनी चित्र पालथं ठेवलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तेव्हाच कळलं, काहीतरी मोठं चुकलंय.

चूक माझ्या खोलीच्या भिंतीवरच होती. दोन महिने खपून मी चित्रकलेतल्या वादांचा, म्हणजे कलाचळवळींचा, तक्ता केला होता. इम्प्रेशनिझम १८७४ ते १८८६, त्याखाली पोस्ट-इम्प्रेशनिझम १८८६ ते १९०५, मग फॉव्हिझम, मग क्यूबिझम. प्रत्येकाला वेगळा रंग, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. त्या रेघेनेच घात केला. सराचं ते भलंमोठं चित्र, जवळपास दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, लागलं होतं इम्प्रेशनिस्टांच्याच आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात. आणि मोने, रन्वार, सिसली? ते त्या प्रदर्शनात नव्हतेच. म्हणजे माझ्या तक्त्यात जिथे एक वाद संपून दुसरा सुरू होतो, तिथे प्रत्यक्षात एकाच प्रदर्शनाच्या भिंती होत्या, त्यावर नवं चित्र होतं आणि जुने मानकरी गैरहजर होते.

हे जरा जास्तच उलगडून सांगते, कारण दर वर्षी नवी मुलं इथेच अडकताना बघते. ‘पोस्ट-इम्प्रेशनिझम’ हे नाव आलं १९१० साली, लंडनमध्ये. इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय यांनी या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला होता, सरा १८९१ मध्ये, गोगँ १९०३ मध्ये, सेझान १९०६ मध्ये. ज्या चौघांची नावं आपण या वादाखाली डोळे मिटून लिहितो, त्यांपैकी एकानेही हा शब्द आयुष्यात ऐकला नाही. मग ‘या चळवळीतल्या चित्रकारांनी ठरवलं की’ असं वाक्य उत्तरात कसं चालेल? मी ते वाक्य निदान दहा वेळा लिहिलं असेन.

‘इम्प्रेशनिझम’ हे नावही चित्रकारांनी स्वतः घेतलेलं नव्हतं. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनावर लिहिताना लुई लरॉय या समीक्षकाने मोनेच्या चित्राच्या शीर्षकावरून ते टिंगलीत वापरलं, आणि पुढे तेच चिकटलं. आणि मोने काही १८८६ ला थांबला नाही. पिकासोने १९०७ मध्ये ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ रंगवल्या, द्यूशाँने १९१७ मध्ये मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलं, आणि त्या सगळ्या काळात मोने फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात कमळांचं तळं रंगवत होता. १९२६ मध्ये तो गेला तोवर.

आपल्याकडचंही बघा. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपवर, म्हणजे मुंबईतल्या चित्रकारांच्या गटावर, प्रश्न आला की चित्रकार सय्यद हैदर रझा आणि त्यांचा बिंदू (चित्रातलं मोठं काळं वर्तुळ) अशी जोडी पेपरात लिहिली जाते. त्या वेळी रझा निसर्गदृश्यं, शहरदृश्यं करत होते. बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो पुष्कळ नंतर, तेव्हा ते कित्येक वर्षं फ्रान्समध्ये राहत होते. १९४७ च्या उत्तरात ती जोडी लिहिलीत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत.

सनावळ्या पाठ कराव्याच लागतात, त्यातून सुटका नाही. पण चित्रांच्या करा. प्रत्येक वादासाठी दोनच चित्रं घ्या आणि ती अर्धा अर्धा तास बघा. मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ मोबाईलवर उघडा आणि कृष्णधवल करा. तो नारिंगी सूर्य आजूबाजूच्या करड्या आभाळात जवळजवळ विरघळून जाईल. म्हणजे तो उजेडाने वेगळा दिसतच नव्हता, नुसत्या रंगाने दिसत होता. हे मला एकटीला रात्री अकरा वाजता सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यानंतर इम्प्रेशनिझमची व्याख्या मला कधी पाठ करावी लागली नाही.

तयार नोट्सबद्दल माझं मत कडक आहे. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या त्या वह्या घेऊ नका. कुणीतरी कुणाचं तरी उतरवलेलं असतं, आणि ती रेघ तिथूनच येते. सीनियर्सकडून नोट्स मागण्याऐवजी त्यांच्यासोबत तासभर चित्रं बघा. मला शिकवलं ते एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी. ते वादाचं नाव सांगूच द्यायचे नाहीत. “आधी काय दिसतंय ते बोल,” म्हणायचे. मार्गदर्शक शोधाल तर असा शोधा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना शब्दांची भीती वाटते. मलाही वाटायची. दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद हे शब्द पुस्तकात, आणि वर्गात सगळे इम्प्रेशनिझम, क्यूबिझम म्हणणार. उत्तरात दोन्ही एकदा लिहा आणि पुढे एकच धरून चाला. पहिलं वर्ष सगळं अंगावर येतं. नावं, उच्चार, गावं काही लक्षात राहत नाही. ते दुसऱ्या वर्षी आपोआप बसायला लागतं, खरंच.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. वहीत तारीख टाका, एका चित्रासमोर उभे राहा आणि पाटीवरचं नाव वाचण्याआधी पानभर लिहा. माझं पहिलं पान फक्त एका बाहीच्या घडीवर संपलं होतं.