मधला दिवस मुंबईचा: चाळीस माणसं आणि रात्रीची कोकणकन्या

अमरावतीहून कोकणात ग्रुप न्यायचा तर मुंबई मधे येतेच. अंबा एक्स्प्रेस पहाटे सीएसएमटीला उतरवते, कोकणकन्या रात्री अकराच्या पुढे त्याच स्टेशनातून सुटते. मधला अख्खा दिवस मोकळा. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सहली मी आखते. तिकिटं निघाली की मागण्या सुरू: सिद्धिविनायक, राणीची बाग, हाजी अली, चौपाटी, एलिफंटा आणि जमलंच तर एखाद्या हीरोचा बंगला. यातलं बहुतेक सगळं खोडायचं, आणि तेही घरीच, मंडळाच्या बैठकीत. मुंबईत उभ्या उभ्या नाही म्हटलं की रुसवेफुगवे कोकणापर्यंत पुरतात.

माझा नियम साधा आहे. सगळं फोर्टात, म्हणजे सीएसएमटीपासून गेटवेपर्यंतच्या भागात, पायी, आणि संध्याकाळी समुद्र. एलिफंटाला गेटवेहून लाँचने जायलाच तास लागतो, वर शंभरावर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. चार जणांचं कुटुंब जाऊन येईल. चाळीस जणांचा दिवस तिथेच संपतो.

आठ तास ऐंशी किलोमीटरच्या हिशोबाने बस ठरवायचा मोह होतो. पण गेटवेजवळ मोठी बस उभी करायला जागा मिळत नाही. ड्रायव्हर कुठेतरी लांब थांबतो, फोन लागत नाही आणि मंडळी उन्हात. लोकल तर नाहीच. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात दहा माणसं चढतात, तीस फलाटावर हात हलवत राहतात. सिद्धिविनायकाचा हट्टच असेल तर आता सीएसएमटीहून भुयारी मेट्रो थेट तिथे जाते. पण दहा-दहाच्या गटाने, एकेक गाडी सोडत जायचं आणि उतरल्यावर त्याच फलाटावर थांबायचं. मंगळवार आणि चतुर्थी असेल तर बाप्पाला स्टेशनातूनच हात जोडा.

पहिली अडचण देवळाची नसतेच, आंघोळीची असते. स्टेशनजवळच्या लॉजमधे फ्रेश होण्यापुरत्या तीन खोल्या आधी फोन करून ठरवा आणि गीझर चालू आहे ना, हे तोंडाने विचारा. चाळीस माणसं, तीन बाथरूम, माणशी बारा मिनिटं: अडीच तासांच्या पुढे जातं. हा वेळ फुकट गेला म्हणून चिडू नका, म्युझियम तसंही सव्वादहाला उघडतं. ज्यांचं आटोपलं ते आठ-आठच्या गटाने नाश्त्याला. स्टेशनसमोर आराम वडापाव आहे, तिथे थालीपीठ, साबुदाणा वडा मिळतो, त्यामुळे उपासवाल्यांचीही सोय होते. निघण्याआधी कालनिर्णय बघून ठेवा. एकादशी निघाली तर दुपारच्या जेवणाचा सगळा हिशोब बदलतो.

सामान क्लोकरूमला. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून चार-पाच फालतू कुलपं मी पर्समधे ठेवते. बॅगा देण्याआधी एक घोषणा मोठ्याने करा: स्वेटर आत, गोळ्या बाहेर. डिसेंबरात आपल्याकडे कानटोपी घालून निघालेली मंडळी मुंबईत दहा वाजता घामाने निथळतात, आणि बीपीची गोळी नेमकी बॅगेच्या तळाशी असते.

मोजणीचं सांगते. डोकी मोजू नका, कोणीतरी चहाला वळतं आणि दुसरं कोणी दोनदा मोजलं जातं. प्रत्येकाला नंबर द्या आणि तो त्याने स्वतः ओरडायचा. आमच्या सतरा नंबरच्या काकू ऐकायला कमी, म्हणून सोळावाले भाऊ त्यांचाही नंबर घेतात, हे आधीच ठरलेलं. टोप्या वाटून बघा हवं तर, पण अंबाड्यावर टोपी बसत नाही. पोपटी रुमाल पर्सच्या पट्ट्याला बांधला की लांबूनही दिसतो. खिशात चिठ्ठी हवीच: दोन फोन नंबर, गाडीचं नाव, डबा, बर्थ. मोबाइल आहे म्हणून चिठ्ठी टाळू नका, दुपारपर्यंत अर्ध्यांचे मोबाइल समुद्राच्या आधीच बंद पडतात.

आता रस्ता. आधी सीएसएमटीची इमारत बाहेरून नीट बघा, सगळे घाईत सोडतात. 1888 साली पूर्ण झाली, वास्तुकार स्टीव्हन्स. समोरची महापालिकाही त्यांचीच. शेजारच्या जीपीओचा, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिसचा, घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला, हे सांगितलं की आमचे इतिहासाचे निवृत्त मास्तर पुढची पंधरा मिनिटं सांभाळतात. रस्ता सबवेनेच ओलांडा. पुढे सिग्नलला एक माणूस आधी पलीकडे जाऊन उभा राहील, एक शेवटी येईल, आणि सिग्नल मधेच बदलला तर मागच्यांनी धावायचं नाही.

हुतात्मा चौकात थांबायलाच हवं. फ्लोरा फाउंटन 1864 चं, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. आमच्यातल्या काहींना ते दिवस शाळेतले आठवतात, विदर्भाचा वादही तिथेच उकरला जातो. दहा मिनिटांत आवरा. तिथून काळा घोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिकीट वाचवायला म्युझियम गाळू नका. बसायला बाकं, सावली, पाणी आणि स्वच्छतागृह, हे सगळं एकाच तिकिटात फोर्टात दुसरीकडे नाही. ज्यांना मूर्ती बघायच्या त्यांनी बघाव्यात, बाकीच्यांनी बागेत पाय पसरावेत.

जेवण साडेअकराला किंवा सव्वादोननंतर. मधल्या वेळात ऑफिसवाले हॉटेलं भरून टाकतात. आदल्या दिवशी एखाद्या उडप्याला फोन करून आकडा सांगा आणि सगळ्यांना राईस प्लेटच. मेनूकार्ड हातात दिलं की एक डोसा, एक पावभाजी, एक "मला काही नको, तुमच्यातलंच थोडं", आणि दीड तास गेला.

गेटवे जेवणानंतर. फोटो काढणारे मागे लागतात, दर आधी ठरवा. पाया 1913 चा, बांधून पूर्ण 1924 ला. त्याचे आणि म्युझियमचे वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट. "हा समुद्र आहे का तलाव?" असं कोणीतरी विचारतंच, कारण समोर लाँचीच लाँची. खरा समुद्र मरीन ड्राइव्हला. तिथे चौघा-चौघांच्या टॅक्सीने जा, प्रत्येक टॅक्सीत चिठ्ठी वाचता येणारा एक जण. पाच वाजता कठड्यावर बसवलं की सहाच्या सुमाराला सूर्य बुडेपर्यंत कोणी काही मागत नाही. फक्त चर्चगेटच्या बाजूलाच बसा. स्वच्छतागृहं लांब लांब आहेत.

नऊला सगळे स्टेशनात. लांबच्या गाड्या आठ ते अठरा नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि शेवटच्या फलाटांना पी. डिमेलो रस्त्याकडूनही आत येता येतं. टॅक्सीवाल्याला तेच सांगा, मधला जिना वाचतो. कोणी चुकलंच तर त्याने सीएसएमटीकडे धावत सुटायचं नाही. कोकणकन्या दादरला आणि ठाण्यालाही थांबते, जवळचं असेल तिथे टॅक्सीने गाठायचं. डब्यातल्या सोबत्यांनी टीसीला लगेच सांगून ठेवायचं, की बर्थ अमुक नंबरचा, माणूस दादरला चढतोय. नाहीतर बर्थ दुसऱ्याला जातो. रात्रीच्या पोळीभाजीची पाकिटं मी फलाटावर वाटत नाही. गाडी हलली, चाळीसही नंबर ओरडून झाले, की मगच पिशवी उघडते.