लाइट हेवीवेटमध्ये एझर्ड चार्ल्स कितवा? क्रमवारी लावताना या चुका टाळा

बॉक्सिंगमधल्या लाइट हेवीवेटच्या, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या वजनगटाच्या, जगज्जेत्यांची यादी काढा. तिच्यात १९४०-५० च्या दशकांतला अमेरिकी बॉक्सर एझर्ड चार्ल्स सापडणार नाही. तरीही या वजनगटात त्याला पहिल्या क्रमांकावर बसवणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच. जुन्या बॉक्सरची क्रमवारी लावताना माणूस जिथे जिथे घसरतो, त्या बहुतेक जागा चार्ल्सच्या कारकिर्दीत एकदम भेटतात. त्यामुळे उदाहरण म्हणून तोच घेऊ.

चूक पहिली: किताब नाही, म्हणजे यादीत जागा नाही

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. किताब मिळायला आधी किताबाची लढत मिळावी लागते. १९४१ पासून १९४८ पर्यंत लाइट हेवीवेटचा किताब गस लेस्नेविचकडे होता. मधली काही वर्षं महायुद्धातच गेली. युद्ध संपल्यावर लेस्नेविच किताबासाठी फ्रेडी मिल्सशी लढला, बिली फॉक्सशी दोनदा लढला, पुन्हा मिल्सशी लढला आणि त्या लढतीत किताब घालवून बसला. नेमक्या याच काळात चार्ल्स या वजनात समोर येईल त्याला झोपवत होता, पण त्याला बोलावणं आलं नाही. यात नवल काही नाही. धोका मोठा आणि गल्ला छोटा असला की विजेता दुसऱ्या दाराने निघून जातो.

आपल्याकडे पद्माकर शिवलकरांना एकही कसोटी मिळाली नाही, म्हणून त्यांचे प्रथम श्रेणीतले ५८९ बळी कुणी रद्द करत नाही. चार्ल्सलाही तोच न्याय लावा.

मग बघायचं काय? त्याने कुणाला हरवलं, कधी हरवलं आणि कुठल्या वजनात हरवलं, हे तीन रकाने मांडा. चार्ल्सच्या बाबतीत पहिल्याच ओळीत आर्ची मूर येतो. १९४६, १९४७ आणि १९४८ अशा तीन लढती, तिन्ही चार्ल्सच्या, आणि तिसरी आठव्या फेरीत नॉकआउटने. मूर पुढे १९५२ मध्ये जगज्जेता झाला आणि जवळजवळ दशकभर किताब राखून बसला. ‘तेव्हा मूर अजून पिकला नव्हता,’ असा आक्षेप कुणीतरी घेतंच. पण तेव्हा मूर तिशीत होता, दहाएक वर्षं लढून मुरलेला होता आणि किताबाच्या दाराशी चार्ल्ससारखाच ताटकळत होता. कच्चा पोरगा वगैरे अजिबात नव्हता.

चूक दुसरी: एकूण आकड्यांवर भाळणं किंवा बिथरणं

चार्ल्सचा एकूण हिशोब: ९५ विजय, २५ पराभव, १ बरोबरी. हे वाचून नवखा वाचक विचारतो, पंचवीस वेळा हरलेला माणूस महान कसा?

ते पंचवीस पराभव तारखांप्रमाणे वेगळे करा. सप्टेंबर १९५४ मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला दुसऱ्यांदा हरवलं, तो धरून चार्ल्सच्या खात्यावर १२ पराभव होते. उरलेले १३ त्यानंतरच्या पाच वर्षांतले, हेवीवेटमधले म्हणजे वरच्या वजनगटातले, पोटासाठी लढणाऱ्या थकलेल्या माणसाचे. लाइट हेवीवेटच्या क्रमवारीशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

उलट, १९४३ चे दोन पराभव लपवू नका. त्या वर्षी जिमी बिव्हिन्सने त्याला गुणांवर हरवलं आणि लॉइड मार्शलने पुन्हापुन्हा खाली पाडून लढत आठव्या फेरीत संपवली. नंतर चार्ल्स सैन्यात गेला. १९४६ मध्ये परतल्यावर त्याने मार्शलला दोनदा नॉकआउट केलं आणि बिव्हिन्सला तर ओळीने चार वेळा हरवलं, त्यातली शेवटची लढत १९५२ ची. पराभव मोजताना परतफेडही त्याच पानावर मोजायची असते.

आकडे उलट्या बाजूनेही फसवतात, आणि त्यासाठी वर आलेला बिली फॉक्सच पुरे. कागदावर त्याच्या नॉकआउटची अशी रांग होती की वाटावं, हा दुसरा जो लुईच, म्हणजे हेवीवेटचा तो गाजलेला विजेता. पण नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने जेक लामोट्टाला हरवलं ती लढत ठरवून हरलेली होती, हे लामोट्टाने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे स्वतः कबूल केलं. किताबाची संधी फॉक्सला मिळाली आणि चार्ल्सला नाही, या एका गोष्टीवरून त्या काळाचा बाजार कसा चालत होता ते कळतं.

चूक तिसरी: एका वजनाची कमाई दुसऱ्या वजनाच्या खात्यात टाकणं

इथे चार्ल्सचे चाहतेच जास्त घसरतात. एकेकाळी मीही घसरलो होतो.

चार्ल्स १९४९ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला हरवून हेवीवेटचा विजेता झाला आणि १९५० मध्ये त्याने जो लुईला हरवलं. त्या रात्री चार्ल्स १८४½ पौंडांचा होता आणि लुई २१८ चा. पराक्रम मोठाच, पण तो हेवीवेटचा. लेस्नेविचलाही त्याने १९४९ मध्ये हरवलं, तेव्हा लेस्नेविच उतरणीला लागला होता आणि पणाला हेवीवेटचा किताब होता. जोई मॅक्सिमला त्याने पाचपैकी पाच वेळा हरवलं, हे वाक्य फार जोरात फेकलं जातं. पण त्या पाच लढती एकाच मापाच्या नाहीत. पहिल्या दोन १९४२ च्या, शेवटच्या दोन १९५१ च्या, म्हणजे चार्ल्स हेवीवेटमध्ये गेल्यानंतरच्या. मे १९५१ मध्ये मात्र मॅक्सिम स्वतः लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता, तेव्हा त्या विजयाला थोडं वजन द्यावं लागेल. पूर्ण नाही, थोडं.

खालच्या बाजूलाही हीच काळजी घ्या. १९४२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पाच आठवड्यांत दोनदा चार्ली बर्लीला हरवलं. मला ही त्याची सगळ्यात थक्क करणारी कामगिरी वाटते, पण ती मिडलवेटच्या वहीत जाते.

याच चुकीचे बळी ठरलेले आणखी दोघे आहेत. बॉब फॉस्टरने १९६८ पासून १४ वेळा किताब राखला, तरी लोक त्याला हेवीवेटमध्ये फ्रेझर आणि अली यांच्याकडून खाल्लेल्या मारावरून तोलतात. मायकल स्पिंक्स लाइट हेवीवेटमध्ये एकदाही हरला नाही, आणि लोकांच्या लक्षात राहिले आहेत ते १९८८ मधले, हेवीवेटमध्ये टायसनसमोरचे ९१ सेकंद.

चूक चौथी: मिळेल तो व्हिडिओ बघून निकाल देणं

चार्ल्सच्या सहज सापडणाऱ्या चित्रफिती लुई, वॉलकॉट आणि मार्सियानो यांच्याविरुद्धच्या आहेत. म्हणजे आपण हेवीवेटमधला, भर ओसरत चाललेला चार्ल्स बघतो आणि ‘सावध आहे, जरा रटाळ आहे’ म्हणून मोकळे होतो. १९४७ चा चार्ल्स तुम्ही पाहिलेलाच नसतो. १९१०-२० च्या दशकांतल्या हॅरी ग्रेबची गत तर याहून वाईट. त्याच्या लढतीची एकही चित्रफीत उपलब्ध नाही, आणि त्याच्या कितीतरी लढतींना अधिकृत निकालच नव्हता, कारण तेव्हा अनेक ठिकाणी गुणांवर निर्णय द्यायला कायद्याने बंदी होती. तिथे दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं वाचावी लागतात, आणि एकच वाचून भागत नाही.

आजच्या बॉक्सरशी तुलना करताना एक बारीक गोष्ट सुटते. चार्ल्सच्या काळी लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, त्यामुळे १७५ पौंडांचा आजचा गडी रिंगणात उतरताना १७५ चा नसतो.

चूक पाचवी: शोकांतिकेला गुण देणं

फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत चार्ल्सने सॅम बारूडीला नॉकआउट केलं आणि बारूडी दगावला. त्यानंतर चार्ल्सचा हात आखडला, असं नेहमी लिहिलं जातं. असेलही. पण त्याच वर्षी त्याने एल्मर रेला नॉकआउट केलं, हेही त्याच पानावर आहे. पुढे त्याला एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) झाला आणि १९७० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो गेला. या दोन्ही गोष्टी वाचताना पोटात कालवतं. म्हणून क्रमवारीत त्याला एक पायरी वर ढकलायचं नाही, आणि त्याच्या उतारवयातले पराभव आजारावर ढकलून पुसायचेही नाहीत.

एवढी झाडाझडती करून माझी यादी अशी लागते: चार्ल्स पहिला, मूर दुसरा, फॉस्टर तिसरा. मूरची कारकीर्द जास्त लांब आणि किताबही त्याच्याकडे, पण पहिल्याकडून तीनदा हरलेला माणूस पहिला कसा ठेवायचा? चौथ्या जागेसाठी स्पिंक्स आणि जीन टनी यांच्यात मी टनीकडे झुकतो. टनी आयुष्यात एकदाच हरला, १९२२ मध्ये, आणि तोही त्या ग्रेबकडून, जो मुळात मिडलवेट होता.

ग्रेबला मी मिडलवेटमध्येच ठेवतो. टनीचे चाहते यावर खूश असतात, ग्रेबचे नसतात.