लिफ्टजवळचा बोर्ड: सध्या काय वाचताय?

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी मी एक पांढरा बोर्ड लावलाय. सुरुवात १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी केली. तुम्हालाही करायचं असेल तर आधी एवढं ठरवा: अभिप्राय मागायचा नाही. अभिप्राय म्हटलं की लोक बिचकतात. पुस्तकाचं नाव, फ्लॅट नंबर आणि आज कितव्या पानावर आहात, बस्स.

पान नंबर हवाच. बोलणं त्यानेच सुरू होतं. मी ‘बनगरवाडी, पान १२’ लिहिलं, तर संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका दारात उभे. "मास्तर रुळला का गावात?" मग चहा झाला आणि तासभर माणदेशातल्या मेंढरांच्या, दुष्काळाच्या गोष्टी. काकांचं बालपण आटपाडीकडचं, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्धवट सोडलेलं पुस्तकही लिहू द्या. पाककृतींचं, परीक्षेचं, मोबाइलवर ऐकलेलं, सगळं चालतं. बोर्डाच्या खालच्या दोन ओळी मुलांसाठी, हात पोचेल अशा. मार्कर दोरीने बांधून ठेवा. रविवारी पुसण्याआधी बोर्डाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. कुठलं पुस्तक कुणाकडे मागायचं ते त्यावरून समजतं.